बिनतारी कार्डाचा कान : मॉनिटर मोड लावणे आणि काढणे

या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, शेती, अर्थकारण असे विषय होत आले आहेत. तेथे वायफाय कार्डासारखा विषय, आणि तोही कामगार संघटनेच्या कामात उमर गेलेल्या माणसाने मांडावा, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. आम्ही इंजिनिअर नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत झाले, आणि पुढचे जे काही झाले ते हाती पडेल ते पुस्तक वाचून. परंतु गेल्या काही वर्षांत तक्रारीचे जे कागद आमच्यापुढे येतात, त्यांत हजेरी, पाळी, रजा, पगार ही सर्व मोबाइलच्या मार्फत चालू लागलेली दिसतात. मोबाइल चालतो हवेवर. हवेत काय चालले आहे ते ज्याला वाचता येत नाही, त्याला हजेरीपुस्तकही वाचता येत नाही, अशी ही स्थिती आहे. म्हणून हा विषय घेतला.

वायफाय हा एक प्रकारचा रेडिओच आहे, ही पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. त्यात जादू नाही व तारही नाही. जुन्या पद्धतीचे वायफाय ज्या लहरींवर चालते त्या सेकंदाला सुमारे 240 कोटी वेळा आंदोलन पावतात. पहिल्या चॅनेलचा मध्य 2412 मेगाहर्ट्‌झवर, आणि पुढची चॅनेले पाच-पाच मेगाहर्ट्‌झ सोडून. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करते. म्हणून ती चालू असता शेजारच्या खोलीतले वायफाय अडखळते. अमेरिकेने असले पट्टे विनापरवाना दळणवळणाला 1985 साली मोकळे केले, वायफायचे पहिले मानक 1997 साली प्रसिद्ध झाले, आणि आपल्या देशात 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 2005 साली परवान्यातून मुक्त झाला. आमच्या लहानपणी घरातल्या साध्या रेडिओलाही परवाना लागे. वडील पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरून येत. नुसते ऐकण्यालाही सरकारची संमती लागे, हे आजच्या तरुणांना सांगून खरे वाटत नाही. ऐंशीच्या दशकात तो परवाना गेला. ऐकण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मात्र गेला नाही. तो आज वेगळ्या रूपाने पुढे येतो, आणि त्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

आता कार्डाकडे वळू. संगणकात वा मोबाइलमध्ये लहरी पकडणारा व सोडणारा जो भाग असतो त्याला वायफाय कार्ड म्हणतात. ते काय करते हे समजण्यासाठी आमच्या वडिलांच्या गिरणीचे दार डोळ्यांपुढे आणावे. सकाळी भोंगा झाला की मुकादम मोठ्याने तिकीट नंबर पुकारी. दारात दोनशे माणसे उभी असत. दोनशेही नंबर प्रत्येकाच्या कानांवर पडत. पण जो तो आपला नंबर आला की ‘हजर’ म्हणे, आणि दुसऱ्याचा नंबर आला की विडी ओढीत उभा राही. वायफाय कार्डाचे असेच आहे. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर मिळतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. तो बारा अंकाक्षरांचा असून त्यातील पहिली सहा कार्ड कोणत्या कंपनीने बनवले ते सांगतात. हवेतून माहितीची जी पाकिटे जातात, त्या प्रत्येकावर कोणाकडून व कोणाला हे या नंबरांनी लिहिलेले असते. आसपासच्या घरांची, हॉटेलांची, कचेऱ्यांची पाकिटे तुमच्या कार्डाच्या अँटेनावर सारखी येऊन आदळत असतात. कार्ड प्रत्येकाचा पत्ता बघते. आपला नसेल तर पाकीट तेथल्या तेथे टाकून देते. संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही झाली कार्डाची रोजची अवस्था. तिला ‘मॅनेज्ड’ मोड म्हणतात. या अवस्थेत कार्ड एका घरचे असते: एखाद्या राउटरशी त्याचे नाते जुळलेले असते आणि त्याच्याच हुकमात ते वागते. दुसरी ‘प्रॉमिस्क्युअस’ नावाची अवस्था आहे. तीत ज्या जाळ्यात आपण आहोत त्याच जाळ्यातील दुसऱ्यांची पाकिटेही घ्यावीत असे कार्डाला सांगतात. ही तारेच्या जाळ्यात उपयोगी पडते. वायफायमध्ये तिचा भरवसा नाही. पुष्कळ लोक हिची आणि मॉनिटर मोडची गल्लत करतात. मॉनिटर मोडमध्ये कार्ड कोणाच्याच घरचे राहत नाही. ते राउटरशी नाते तोडते आणि ज्या चॅनेलवर बसवले असेल त्यावरची जी जी पाकिटे पकडता येतील ती सर्व, कोणाचीही असोत, वरच्या टपाली शिक्क्यासकट जशीच्या तशी संगणकाच्या हवाली करते. कोणते पाकीट किती जोराने ऐकू आले याचीही नोंद ते बरोबर देते. शाळेत गुरुजी बाहेर गेले की वर्गाचा मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहितो, स्वतः मात्र गप्प बसतो. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात ते होते की नाही कोण जाणे, पण नाव बेमालूम बसले आहे.

प्रत्येक कार्डाला ही अवस्था येत नाही. कार्डाच्या आत स्वतःची एक छोटी आज्ञावली असते आणि बाहेरून संगणकाचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, असतो. दोघांनीही परवानगी दिली तरच हे जमते. मोबाइलवर सहसा जमत नाही, विंडोजवर अडचणीने जमते, लिनक्सवर सर्वांत सुलभ जाते. लिनक्स ही संगणकप्रणाली फुकट मिळते व जुन्या यंत्रावरही चालते, हे आमच्यासारख्यांच्या कचेरीला सोयीचे. तीत ‘आयडब्ल्यू लिस्ट’ ही आज्ञा दिली की कार्डाला येणाऱ्या अवस्थांची यादी पडद्यावर येते. तीत ‘मॉनिटर’ हा शब्द दिसला तर पुढे जावे. नसेल तर यूएसबीच्या भोकात बसणारे वेगळे कार्ड घ्यावे. मात्र विकत घेताना आतली चिप कोणती हे विचारूनच घ्यावे. खोक्यावरचे नाव तेच राहते आणि आतली चिप बदलते, असे बाजारात सर्रास चालते.

आता प्रत्यक्ष कृती. आज्ञा यंत्रात रोमन अक्षरांतच लिहायच्या आहेत. येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. लिनक्समध्ये कार्डाला बहुधा ‘डब्ल्यूलॅन0’ असे नाव असते. नव्या यंत्रांवर ते लांबलचक असू शकते, ते ‘आयडब्ल्यू डेव्ह’ या आज्ञेने कळते. पुढील बहुतेक आज्ञांच्या आधी ‘सूडो’ हा शब्द लागतो; तो म्हणजे यंत्राच्या मालकाचा अधिकार. पहिल्याने कार्ड खाली उतरवावे: ‘आयपी लिंक सेट डब्ल्यूलॅन0 डाउन’. चालत्या यंत्राचा पट्टा बदलता येत नाही, तसेच हे. मग ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन0 सेट टाइप मॉनिटर’. मग पुन्हा वर: त्याच पहिल्या आज्ञेत ‘डाउन’च्या जागी ‘अप’. शेवटी कोणत्या चॅनेलवर कान द्यायचा ते सांगावे: ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन0 सेट चॅनेल 6’. झाले. ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन0 इन्फो’ असे विचारले की ‘टाइप मॉनिटर’ हे उत्तर आले पाहिजे. एका वेळी कार्ड एकाच चॅनेलवर ऐकते. दुसऱ्या चॅनेलवर त्याच क्षणी काय झाले, ते त्याला कळत नाही. सर्व चॅनेलांवर आळीपाळीने उड्या मारणारे प्रोग्रॅम आहेत, पण तेही एका ठिकाणी ऐकताना बाकीच्या ठिकाणी बहिरेच असतात.

येथे नवशिक्यांची एक ठराविक फजिती होते. आज्ञा बिनचूक देऊनही कार्ड दोन मिनिटांत आपोआप पूर्वपदावर येते, किंवा चॅनेल आपोआप बदलते. कारण संगणकात ‘नेटवर्क मॅनेजर’ नावाचा एक कारकून सतत बसलेला असतो. कार्डाचे नाते तुटलेले दिसले की ते जोडणे हे त्याचे काम, आणि ते तो इमानाने करतो. ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ हा त्याचा जोडीदार. एका कामगाराला दोन मुकादम दोन दिशांना पाठवू लागले तर जे होते तेच येथे होते. म्हणून आधी त्यांना थांबवावे लागते. एअरक्रॅक-एनजी नावाच्या साधनसंचात ‘एअरमॉन-एनजी’ ही आज्ञा आहे. ‘एअरमॉन-एनजी चेक किल’ म्हटले की ती या कारकुनांना घरी पाठवते, आणि ‘एअरमॉन-एनजी स्टार्ट डब्ल्यूलॅन0’ म्हटले की वरच्या पायऱ्या एकदम करून टाकते. मात्र कार्डाचे नाव ती बहुधा बदलून ‘डब्ल्यूलॅन0मॉन’ असे ठेवते. हे ठाऊक नसलेला माणूस जुन्या नावाने हाका मारीत बसतो.

कान उघडला, आता ऐकू काय येते? सर्वांत जास्त ऐकू येतात ती राउटरची पुकारणी. प्रत्येक राउटर साधारणतः सेकंदाला दहा वेळा आपले नाव, चॅनेल व नियम ओरडून सांगत असतो. ती जाहिरातच असते व सर्वांसाठीच असते. दुसरे, मोबाइलची विचारणा. खिशात पडलेला मोबाइलही ‘ओळखीचे कोणी आहे का’ असे मधून मधून विचारतो. तिसरे, खरी माहिती वाहणारी पाकिटे. पण ती आजकाल बहुतेक ठिकाणी मोहोरबंद असतात. पाकीट दिसते, वरचे पत्ते दिसतात, लांबी दिसते, वेळ दिसते. मजकूर दिसत नाही. हवेतील पाकिटे वाचायला वायरशार्क हा प्रोग्रॅम वापरतात. 1998 साली तो इथीरिअल या नावाने निघाला आणि 2006 साली त्याचे नाव बदलले.

मोहोरेबद्दल जरा सविस्तर सांगणे जरूर आहे, कारण घरोघर अज्ञान आहे ते येथेच. 1997च्या मानकाबरोबर डब्ल्यूईपी नावाची मोहोर आली. फ्लूरर, मँटिन व शमीर या तिघा संशोधकांनी 2001 साली तिच्यातले वैगुण्य दाखवले, आणि पुढे ती काही मिनिटांत उघडता येऊ लागली. 2003 साली डब्ल्यूपीए, 2004 साली डब्ल्यूपीए-2 आणि 2018 साली डब्ल्यूपीए-3 अशी सुधारलेली मोहोर येत गेली. आपल्याकडे डब्ल्यूपीए-2 अजून सर्वत्र आहे. ती चांगली आहे. पण एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. चाळीत वा खानावळीत एकच परवलीचा शब्द भिंतीवर लिहून सर्वांना दिलेला असला, तर तो शब्द माहीत असणारा आणि मोबाइल राउटरला जोडला जातानाची सुरुवातीची चार पाकिटे पकडणारा माणूस शेजाऱ्याची वायफायची मोहोर उघडू शकतो. डब्ल्यूपीए-3 मध्ये हे होत नाही. शिवाय बँकेच्या व बहुतेक वेबस्थळांच्या मजकुरावर त्यांची स्वतःची दुसरी मोहोर असते; तीमुळे मजकूर सुरक्षित राहतो. तुम्ही कोणत्या दारी गेलात हे मात्र पुष्कळदा दिसते. आणि ज्या वायफायला परवलीचा शब्दच नाही, तेथे पहिली मोहोर मुळीच नाही असे सहसा समजावे.

म्हणूनच, हवेत आहे ते सर्वांचे काय, हा प्रश्न येतो. तो एकदा मोठ्या प्रमाणावर कोर्टात गेला. रस्त्यांची छायाचित्रे घेत जगभर फिरणाऱ्या गूगलच्या गाड्यांनी उघड्या वायफायवरून लोकांच्या पत्रव्यवहाराचे तुकडेही साठवले होते, अशी कबुली त्या कंपनीने मे 2010 मध्ये दिली. गाड्यांत ऐकण्याची जी साधने होती ती याच जातीची. वायफाय ही रेडिओवार्ता आहे, ती कोणीही ऐकावी, असा कंपनीचा कोर्टात बचाव होता. अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो 2013 साली फेटाळला, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली त्यात हात घालण्याचे नाकारले. दुसरी गोष्ट लंडनची. 2013 साली शहराच्या मध्यभागी एका जाहिरात कंपनीने कचऱ्याच्या पेट्यांत यंत्रे बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाइलचे मॅक पत्ते टिपायला सुरुवात केली होती. त्यांत मजकूर एक अक्षरही नव्हता. तरी कोण किती वाजता कोठून गेला हे कळत होते, आणि नगर प्रशासनाने ते बंद करवले. अॅपलने 2014 पासून विचारणेच्या वेळी खोटा नंबर सांगण्याची सोय मोबाइलमध्ये आणली. अँड्रॉइडने 2019च्या दहाव्या आवृत्तीत जाळ्यांना जोडतानाही बदलता नंबर देणे हा नेहमीचा रिवाज केला. कामगाराच्या दृष्टीने दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची आहे, असे आमचे मत आहे. चहाच्या टपरीवर कोण कोणाबरोबर किती वेळ उभा होता, संघटनेच्या सभेला कोण गेले, हे कळायला पत्र फोडावे लागत नाही. पाकिटावरचे पत्ते पुरतात.

आता हेच साधन आमच्या कामी कसे आले ते सांगतो. एका कारखान्यात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) हजेरी मोबाइलवर झाली. दाराच्या आत येऊन कारखान्याच्या वायफायला मोबाइल जोडायचा आणि बोट लावायचे. सकाळी सातच्या पाळीला रोज तीस-चाळीस माणसांना उशिराचा शेरा पडू लागला व महिनाअखेर पगार कापला गेला. माणसे पावणेसातला दारात उभी असत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. व्यवस्थापनाचे उत्तर तयार: तुमचे मोबाइल स्वस्तातले आहेत, वायफायचे सर्व दिवे हिरवे आहेत. आम्ही संयुक्त समितीत लेखी मागणी केली की दोन्ही बाजूंच्या समोर हवा ऐकली जावी, फक्त पाकिटांची वरची बाजू नोंदवावी, आणि नोंद त्याच दिवशी पुसावी. आठवडाभर घोळ घालून परवानगी मिळाली. कंपनीचाच एक तरुण तंत्रज्ञ लॅपटॉप घेऊन दारात बसला. कार्ड मॉनिटर मोडमध्ये गेले तसे त्याचे इंटरनेट बंद पडले, आमचा एक सभासद काळजीने म्हणाला, “अहो, कार्ड बिघडलं की काय?” तो हसून म्हणाला, “नाही काका, आता ते बोलत नाही, नुसतं ऐकतंय.”

सात वाजता जे दिसले ते असे. दाराजवळ ऐकू येणारे सर्व राउटर एकाच, सहा नंबरच्या चॅनेलवर पुकारत होते. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, बाकीच्यांनी थांबायचे. वायफायमध्ये पाकीट पोचले की घेणारा लगेच पोच देतो. पोच आली नाही तर पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो व त्यावर ‘पुन्हा’ अशी खूण करतो. ही खूण मजकुराच्या बाहेर असते. पाळी बदलण्याच्या त्या पंधरा मिनिटांत अशी ‘पुन्हा’ची खूण असलेली पाकिटे इतकी होती की तो तंत्रज्ञ स्वतःच खुर्ची पुढे ओढून बसला. दहा वाजता तेथेच ऐकले तेव्हा हवा निवांत होती. 2.4च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेले प्रत्यक्षात तीनच मिळतात: 1, 6 व 11. राउटर त्या तिहींवर वाटून दिले, दोन ठिकाणी 5 गिगाहर्ट्‌झचे लावले. शेरे थांबले. कापलेला पगार परत मिळायला मात्र अजून चार महिने व दोन बैठका लागल्या. तेथे कोणत्याही कार्डाचा उपयोग झाला नाही.

परवानगी लेखी घेण्याचा आग्रह आम्ही का धरला, हे विचारले जाते. एक कारण उघड आहे: आपण चोरून ऐकले असते तर मालकानेही चोरून ऐकावे, याला आपल्याकडे उत्तर उरले नसते. दुसरे कारण कायद्याचे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या 43व्या कलमात मालकाच्या परवानगीवाचून जाळ्यात शिरणे व माहिती काढणे येते. तेच अप्रामाणिक हेतूने केले तर 66व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद वा पाच लाखांपर्यंत दंड, वा दोन्ही. दूरसंचार कायदा, 2023 याच्या 42व्या कलमात बेकायदा संदेश अडवून ऐकण्याला तीन वर्षांपर्यंत कैद वा दोन कोटींपर्यंत दंड आहे. स्वतःच्या घरचे वायफाय स्वतः तपासावे, आणि दुसऱ्याचे तपासायचे तर कागद हातात असावा.

आता राहिले कार्ड परत आणणे. लोक मॉनिटर मोड लावायला उत्साहाने शिकतात आणि काढायला विसरतात. मग घरातल्यांना इंटरनेट मिळत नाही, वायफायची यादी रिकामी दिसते, आणि कोणीतरी यंत्र दुरुस्तीवाल्याकडे नेतो. उलट क्रमाने जावे. ज्याने ‘एअरमॉन-एनजी’ने सुरू केले असेल त्याने ‘एअरमॉन-एनजी स्टॉप डब्ल्यूलॅन0मॉन’ म्हणावे. येथे नवे नाव द्यायचे, जुने नव्हे. ज्याने हाताने केले असेल त्याने कार्ड ‘डाउन’ करावे, ‘सेट टाइप मॅनेज्ड’ म्हणावे, आणि ‘अप’ करावे. एवढ्याने कार्ड परत येते, पण कारकून घरीच असतात. त्यांना बोलवावे लागते: ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट नेटवर्कमॅनेजर’. काही यंत्रांवर नेटवर्क मॅनेजर आला की जोडीदाराला तोच बोलावून घेतो. काहीच जमेना तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. बहुधा मॉनिटर मोड त्यापलीकडे टिकत नाही. यूएसबीचे कार्ड असेल तर ते काढून पुन्हा घातले तरी बऱ्याचदा भागते. मग ‘आयडब्ल्यू डेव्ह’ ही आज्ञा देऊन पाहावे. कार्डाचे नाव पुन्हा ‘डब्ल्यूलॅन0’, खाली ‘टाइप मॅनेज्ड’, आणि आपल्या घरच्या वायफायचे नाव, एवढे दिसले की लॅपटॉप मुलांच्या हाती द्यायला हरकत नाही.